साप पकडणाऱ्याचा नंबर

कामरगावच्या बसथांब्यासमोर सैफुद्दीनचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या जळालेल्या मोटारी तिथं येतात आणि नवी तांब्याची तार गुंडाळून परत जातात. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची मुलगी तहसीन बसते. तिचं काम वेगळं. कारंजा, मंगरूळपीर, वाशीम इथल्या दुकानदारांना ती वेबसाइट बनवून देते आणि कोणी मोबाईलवर काही शोधलं की त्या दुकानाचं नाव वरच्या दोन-तीनांत यावं म्हणून खटपट करते. लोक आता संगणक उघडत नाहीत, खिशातला फोन काढतात. पान तीन सेकंदांत उघडलं नाही तर पुढं जातात. हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. सांगून सांगून तिला ते पाठ झालं होतं.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. मंगळवार होता. दुपारी दोनच्या सुमाराला जगदेव दुकानात आला. जगदेव म्हणजे गावातला सर्पमित्र. पंचेचाळिशीचा माणूस, दिवसा पिठाची गिरणी चालवतो आणि कुणाकडं साप निघाला की काठी अन् बरणी घेऊन जातो. आज त्याच्या अंगावर पीठ नव्हतं, चिखल होता.

“तहसीन, पाणी दे वो जरा,” तो स्टुलावर बसत म्हणाला. “नाल्याकाठच्या चंपतच्या घरी गेलतो. त्याच्या बायकोले, प्रयागबाईले, घोणस चावली.”

तहसीननं तांब्या पुढं केला. “कशी हाय आता?”

“कारंज्याले नेलं जीपनं. हात कोपरापर्यंत सुजला होता. घोणस धरून दूर रानात सोडली मी.” पाणी पिऊन त्यानं तोंड पुसलं. “मले फोनच आला नाई ना पण. चावल्यावर बाजूच्या वावरातला गडी गिरणीवर पळत आला, तवा समजलं. सून म्हणते, मी लय शोधला मोबाईलवर नंबर. आपल्या वेबसाइटवर तं हाय ना तो?”

“हाय ना,” तहसीन म्हणाली.

“मंग तिले काहून नाई भेटला?”

तो रागानं विचारत नव्हता. खरोखरच त्याला समजत नव्हतं. गिरणी उघडायची होती म्हणून तो लगेच निघालाही. तहसीन मात्र तशीच उभी राहिली आणि मग तिनं फोन काढून जगदेवची वेबसाइट लावून पाहिली. उघडली. काळ्या पार्श्वभूमीवर फणा काढलेला नाग, मग एकामागून एक सरकणारे फोटो: धामण, मण्यार, हातात अजगर धरलेला जगदेव. खाली पोस्टर आणि पोस्टरवर लाल अक्षरांत नंबर. सगळं जागच्या जागी होतं.

मग तिला दिसलं की फोन दुकानाच्या वायफायवर आहे.

तिनं वायफाय बंद केलं. दुकानात सिग्नल बरा असतो, तरी पान उघडायला अकरा सेकंद लागले. तिनं पोस्टरवरच्या नंबरवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. होणारच नव्हतं, तो नंबर नव्हताच, नंबराचा फोटो होता.

तीन वर्षांपूर्वी तिनं बनवलेली ती पहिली वेबसाइट. धंदा नुकताच सुरू केला होता, दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि जगदेवकडं झकास फोटो होते. त्याला तिनं फुकट बनवून दिली आणि लॅपटॉपवर उघडून पुढचं वर्षभर दुकानदारांना दाखवत फिरली. नाग पाहून दुकानदार खूश व्हायचे. मधे जगदेवचं जुनं सिम बंद पडलं, तेव्हा तिनं पोस्टर बदललं. त्यानंतर तिनं त्या पानाकडं वळून पाहिलं नव्हतं.

“अब्बा, मी नाल्याकडं जाऊन येते,” ती म्हणाली आणि स्कूटी काढली.

चंपतचा भाजीचा मळा गावापासून तीन किलोमीटरवर. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मळ्यातच दोन खोल्यांचं घर आणि बाजूला बकऱ्यांचा कोठा. तिथं पोचेपर्यंत फोनवर सिग्नलची एकच काडी उरली होती. घरात सून सुचिता एकटी होती. चंपत आणि त्याचा मुलगा सकाळीच भाजी घेऊन कारंज्याला गेले होते, ते तसेच तिकडं दवाखान्यात गेले. सुचिताचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती रिसोडकडची, गावात तिच्या फारशा ओळखी नव्हत्या, पण तहसीनला ती ओळखत होती. बचत गटाच्या बायकांना तहसीननं एकदा मोबाईल शिकवला होता.

“आत्याबाईची काही खबर?” तहसीननं विचारलं.

“सुई देणं सुरू केलं म्हणे. आमच्या ह्यायचा फोन आलता.” सुचिताचे डोळे सुजलेले होते. तिनं खाट पुढं ओढली आणि न विचारताच सांगायला लागली. तिला कुणाला तरी सांगायचंच होतं.

“अकरा वाजले असतीन. मी कोठ्यात झाडलोट कराले गेली तं कोपऱ्यातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांतून कुकरची शिट्टी वाजावं तसा आवाज आला. पाह्यलं तं ही एवढी जाड. मी बाहेर पळाली. आत्याबाई म्हणे, त्याले मारू नको, कामरगावात साप पकडणारा हाय एक, त्याले बोलाव. पण नंबर कोणाजवळ? मामाजीले लावला, बाजारात कोण उचलते! मंग मी मोबाईलवर शोधलं.”

“काय लिहिलं तू शोधाले?”

“कामरगाव साप पकडणारा. इंग्लिश अक्षरात लिहिलं, मले मराठी टाइप करता येत नाई पटकन. पह्यले एक नंबर आला, जगदेवचं नाव होतं खाली. लावला. कोणी म्हातारा बोलला, राँग नंबर, अन् कट केला. परत लावला तं उचललाच नाई. मंग त्याच्या खालचं उघडलं.” सुचितानं फोन तिच्यापुढं धरला. “हे पाह्य. अजून तसंच हाय.”

पडद्यावर काळं पान होतं. वरच्या बाजूला नागाच्या फण्याची बोटभर पट्टी दिसत होती आणि मधोमध एक वर्तुळ फिरत होतं.

“अर्धा तास मी हे धरून हिकडून तिकडं फिरत होती. बांधावर चढली, टाकीवर चढली. कोठ्यात करडू बांधेल होतं, ते वरडून राह्यलं होतं. आत्याबाई म्हणे, दावं तेवढं सोडून आणतो. मी म्हटलं थांबा, येते आता नंबर. थांबा म्हटलं मी.” तिनं पदर तोंडाला लावला. “नाई थांबल्या.”

तहसीनच्या हातात तो फोन होता. वर्तुळ फिरतच होतं.

“अशी कोणं बनवली असन वो?” सुचिता म्हणाली. “माणूस मरून जाईन तवा उघडन का ते?”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तहसीनला ते तिथंच कळत होतं. तिनं तोंड उघडलंही, पण आलं ते भलतंच: “सिग्नल कमी हाय इथं.” मग ती उठली, कोठ्यातल्या बकऱ्यांना पाणी दाखवलं आणि काही लागलं तर फोन कर असं सांगून निघून आली.

वाटेत तिनं स्कूटी बाजूला घेतली. आपल्या फोनवर तेच पान लावलं, तेही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या खोलीत बसली आणि नाग काढून टाकला. मग धामण, मण्यार, अजगर. सरकणारे फोटो काढले, काळी पार्श्वभूमी काढली. पानाच्या डोक्यावर इंग्रजीत मोठं नाव होतं, वन्यजीव बचाव आणि संवर्धन असल्या अर्थाचं. ते तिनंच सुचवलं होतं, भारदस्त वाटावं म्हणून. कामरगावात किंवा कुठंही कोण ते शब्द शोधणार होतं? तिनं लिहिलं: “साप निघाला? जगदेवला फोन करा.” खाली नंबर, साध्या अक्षरांत, बोट ठेवताच फोन लागेल असा. त्याच्या खाली: “साप चावला असेल तर वाट पाहू नका. हात-पाय हलवू नका, आवळून बांधू नका, लगेच सरकारी दवाखान्यात जा. १०८ ला फोन करा.” मग गावांची नावं. तेच सगळं हिंदीत आणि तेच इंग्रजी अक्षरांत, सुचितानं टाइप केलं तसं.

अख्खं पान आता एका फोटोच्या शंभराव्या हिश्शाएवढंही राहिलं नाही. पान बदलल्याचं तिनं गुगलला कळवलं. ते कळवता येतं. पण ते येऊन कधी वाचणार आणि वाचून कुठं ठेवणार, हे आपल्या हातात नसतं. कधी दोन दिवस, कधी तीन आठवडे. गिऱ्हाइकांना ती हे हसत सांगायची. म्हणायची, धीर धरा.

सैफुद्दीन चहा घेऊन आत आला. मुलगी सकाळपासून जेवली नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं, सुचिताला न सांगितलेलंसुद्धा.

“झालं आता दुरुस्त?” त्यानं विचारलं.

“इथं तं उघडून राह्यलं. एका सेकंदात.”

“इथलं सोड. मोटार दुकानात सारेच फिरवून दाखवतात. विहिरीत उतरून पाणी वर आलं तवा दुरुस्त झाली समजायचं.” त्यानं आपला जुना फोन टेबलावर ठेवला. “हा घेऊन जा नाल्यावर.”

ती रोज जायला लागली. मळ्यापर्यंत नाही, सुचितासमोर जायची हिंमत नव्हती. अलीकडच्या पुलावर थांबायची, तिथंही एकच काडी असायची. अब्बांच्या फोनवर पान चार सेकंदांत उघडायचं. पण नुसतं शोधलं की वर तोच जुना नंबर. कुठल्याशा यादीवाल्या वेबसाइटचं पान होतं ते; गावोगावचे प्लंबर, मिस्त्री, सर्पमित्र सगळ्यांची नावं कुठून तरी उचलून टाकलेली. जगदेवचं नाव, कामरगाव, आणि बंद पडलेल्या सिमचा नंबर. ते पान फोनवर झटकन उघडायचं. चुकीचं होतं, पण झटकन उघडायचं. म्हणून वर होतं.

तिसऱ्या दिवशी जगदेवनं खबर आणली: प्रयागबाईला अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. लघवी होत नाही.

“घोणशीचं इख मूत्रपिंडावर जाते,” तो म्हणाला. “लवकर नेलं म्हणून बरं. पाहू.”

ते “पाहू” तहसीनच्या कानात राहिलं. पोळ्याच्या आधीचे, मळणीचे नाही, पेरणीचे नाही, निंदणाचे दिवस. हिरवं रान, बायका दिवसभर वावरात वाकलेल्या. घरोघर पऱ्हाट्यांचे ढीग. आत्ता, या मिनिटाला, कोणीतरी कुठंतरी कोठ्याबाहेर उभं राहून फोनवर तेच शब्द लिहीत असेल. तिनं त्या यादीवाल्यांना तीन वेळा लिहिलं. उत्तर नाही. मग त्यांच्या पानावर तिला एक वाट सापडली: ‘हा व्यवसाय तुमचा असल्यास माहिती बदला.’ तिनं दाबलं. पडद्यावर आलं: नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.

नोंदवलेला मोबाईल म्हणजे तोच जुना नंबर.

तिनं त्या नंबरावर फोन लावला.

“कोण?” म्हातारा, करकरीत आवाज.

“काका, मी कामरगावहून बोलून राह्यली. तुमच्या फोनवर आता एक सहा आकडी...”

“साप निंगला का?”

“नाई, साप नाई. एक ओटीपी आला असन, तो...”

“हा! आता हे नवीन काढलं का!” म्हातारा ओरडला. “दीड वर्ष झालं, रोज साप, साप, साप. जेवाले बसलं की साप. आता ओटीपी! बँकवाल्यानं सांगतलं हाय मले, बापालेई सांगायचा नाई. पोलिसात देईन तुले!” फोन बंद.

तिनं पुन्हा लावला, उचलला नाही. संध्याकाळपर्यंत सात वेळा लावला. मग तिनं सुचिताला फोन करून, कारण न सांगता, नुसतं विचारलं: त्या म्हाताऱ्याच्या मागून काही आवाज येत होता का? सुचिता म्हणाली, भाव पुकारल्यासारखा आवाज येत होता, सोयाबीनचा, आणि माणूस बोलायला आमच्या रिसोडकडचाच वाटला. जगदेवचं जुनं सिम आता कुणाच्या नावावर आहे हे कुणी सांगणार नव्हतं. पण पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला की नाव दिसतं, हे तहसीनला ठाऊक होतं. नाव दिसलं: उकंडराव, आणि पुढं एका धान्य दुकानाचं नाव.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं ती निघाली. कारंजा, वाशीम, वाशीमला बस बदलून रिसोड. साडेतीन-चार तास. खिडकीशी बसून ती दर थोड्या वेळानं फोनवर तेच शब्द शोधत होती. दर गावाला तोच नंबर वर.

रिसोडच्या बाजारात दुकान सापडायला वेळ लागला नाही. पोत्यांच्या थप्पीमागं सत्तरीचा, टोपी घातलेला माणूस चष्मा कपाळावर चढवून बसला होता. समोर फोन उलटा ठेवलेला.

“उकंडरावकाका?”

“काय पायजे?”

“मी तहसीन. कामरगावची. ओटीपीवाली.”

म्हातारा उठूनच उभा राहिला. आजूबाजूचे दोन हमाल पाहायला लागले. तहसीन ठरवून आणलेलं सगळं बोलणं विसरली आणि जे होतं तेच सांगायला लागली. नंबर आधी जगदेवचा होता, तो साप पकडतो. लोकांना अजून इंटरनेटवर तोच दिसतो. मंगळवारी अकराच्या सुमाराला एका पोरीनं फोन केला होता.

“मंगळवारी...” उकंडराव म्हणाला. “रडून राह्यली होती ती.”

“हाओ.”

“मी कट केला.” तो परत खाली बसला. “भाव चालू होता. रोज येतात, बाई, मी तरी किती जणाईले सांगू? ... काय झालं तिचं?”

“तिच्या सासूले चावली घोणस.”

“जगली का?”

“अकोल्याले हाय. अजून नक्की नाई.”

उकंडरावनं चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर चढवला.

“तुमची चूक नाई, काका,” तहसीन म्हणाली. “तिनं दुसरी वेबसाइट उघडली होती. ती मी बनवेल हाय. ती उघडलीच नाई.”

हे तिनं अब्बांशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता एका अनोळखी दुकानात, हमालांसमोर सांगून बसली होती. उकंडरावनं गल्ल्याजवळची माठातल्या पाण्याची कळशी तिच्याकडं सरकवली. मग फोन सुलटा केला आणि म्हणाला, “मागव, काय पायजे तो आकडा. पण मी वाचून नाई सांगणार. तू तुया डोळ्यानं पाह्य.”

ओटीपी आला. तिनं आकडे टाकले, नंबर बदलला. पडद्यावर आलं: बदल तपासला जात आहे, सात दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

“झालं?” उकंडरावनं विचारलं.

“नाई. सात दिवस.”

“अन् तवापर्यंत?”

म्हाताऱ्यानं एक पुठ्ठा घेतला, तिच्याकडून जगदेवचा नवा नंबर मागितला आणि खडूसारख्या जाड पेननं मोठ्या अक्षरांत लिहून समोरच्या खांबाला अडकवला. “आला फोन तं हा सांगतो. भाव चालू असला तरी,” तो म्हणाला. ती निघाली तेव्हा मागून हाक आली. “अकोल्याची खबर देजो मले. विसरू नको.”

पुढचे चार दिवस वाईट गेले. रविवारी प्रयागबाईला डायलिसिसच्या यंत्रावर घेतलं, सोमवारी पुन्हा. सुचिताचे फोन यायचे, कधी घरचं काही विचारायला, कधी नुसते. प्रत्येक वेळी तहसीन म्हणायची, काळजी नको करू. उकंडरावही रोज फोन करायचा. मंगळवारी म्हणाला, “आज दोन आले. एक तुमच्या धनजकडचा, एक कारंज्याचा. दिला नंबर.” जगदेवनं सांगितलं, हो, दोन्हीकडं गेलो, एक धामण, एक नाग. बुधवारी दुपारी सुचितानं फोन केला आणि नुसती रडायलाच लागली. तहसीन खुर्चीवरून उठून भिंतीला टेकली.

“लघवी झाली वो,” सुचिता म्हणाली. “डॉक्टर म्हणे, आता उतरून राह्यलं इख.”

प्रयागबाई सोळाव्या दिवशी घरी आली. उजव्या हाताला अजून पट्टी होती आणि अंगठ्याजवळची कातडी काळी पडली होती, पण ती खाटेवर बसून वांग्यांची प्रतवारी करत होती, डाव्या हातानं. तहसीन गेली तेव्हा चंपत मळ्यात होता. सुचितानं चहा ठेवला. तहसीननं चहा होऊ दिला नाही.

“सुचिता, ते पान उघडत नव्हतं ना,” ती उभ्यानंच म्हणाली. “ते मी बनवेल होतं. त्या दिवशी तू विचारलं, तवा मी बोलली नाई.”

सुचितानं गॅस बंद केला.

“मी तुले रोज फोन करत होती,” ती म्हणाली. “रोज. तू म्हणे, काळजी नको करू. मले वाटे, माया माहेरची कोणी असल्यासारखी हाय ही.”

“चुकलं माझं.”

“पान चुकलं असन, ते ठीक हाय. पण सोळा दिवस तुले सांगता नाई आलं?”

प्रयागबाईनं वांगं खाली ठेवलं. “सुने, बस झालं. चावली ते मले. थांब म्हटलं तं मी थांबली नाई.” मग तहसीनकडं वळून, “अन् तू काहून उभी हायस? बस. आता उघडते का ते?”

“उघडते, आत्याबाई.”

“दाखव.”

पण तहसीननं फोन काढायच्या आधीच सुचितानं तिला थांबवलं. “तुया फोनवर नाई.” तिनं आपला फोन घेतला आणि भेंडीच्या वाफ्यांमधून सरळ मळ्याच्या टोकाला चालत गेली, नाल्याच्या उतारावर, जिथं सिग्नल येतो आणि जातो. तहसीन मागून गेली. सुचितानं तेच शब्द लिहिले. यादीवाल्यांचं पान अजून वरच होतं, मात्र त्यावर आता नवा नंबर होता. खाली जगदेवचं पान. तिनं ते दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच. उघडलं.

“साप निघाला? जगदेवला फोन करा,” तिनं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. आवाज जरा खाली आला होता, पण ती तहसीनकडं पाहत नव्हती. “हे मले दिसलं. पण माया फोन नवा हाय. कमलीबाईकडं चाल.”

कमलीबाई शेजारच्या मळ्यातली, साठीची. तिचा फोन मुलानं वापरून दिलेला, काचेला आडवी चीर, अक्षरं बारीक. तिला लिहिता येत नव्हतं. फोनवर हवं ते ती बोलून शोधायची. सुचितानं तिला समजावलं: समजा, घरात साप आला. तर काय करशील?

कमलीबाईनं माइकचं चिन्ह दाबलं, फोन तोंडाजवळ नेला आणि ओरडली, “सरप आला वो घरात!”

पडद्यावर नागदेवतेचा एक व्हिडिओ आला, मग स्वप्नात साप दिसण्याचे अर्थ.

तहसीन बांधावर खाली बसली. साप लिहिलं होतं तिनं, सगळीकडं साप. सरप एकदाही लिहिलं नव्हतं. आणि अशा किती कमलीबाया, किती बोलण्याच्या तऱ्हा. आज हे सुधारलं तरी ते वर यायला पुन्हा दिवस लागणार, आणि तेवढ्या दिवसांत सापांना कोणी थांबवणार नव्हतं. तिनं तिथंच फोनवर पान उघडून तो शब्द घातला. मग कमलीबाईला विचारलं, अजून कसं कसं म्हणता? कमलीबाई सांगत गेली, तहसीन लिहीत गेली: इखारी, जनावर, लांबडं. सुचिता थोडा वेळ उभी होती, मग तीही शेजारी बसली आणि तिच्या माहेरचा एक शब्द सांगितला.

“पान येईन तवा येईन,” तहसीन म्हणाली. “तवापर्यंत असं करा, कमलीबाई.” तिनं कमलीबाईच्या फोनच्या पहिल्याच पडद्यावर जगदेवचा नंबर आणून ठेवला, मोठा, त्याच्या फोटोसकट. “हा चेहरा दिसला ना, यावर बोट ठेवायचं. बस.”

कमलीबाईनं लगेच ठेवलं. फोन लागला. दोनच घंट्या झाल्या आणि स्पीकरवर गिरणीच्या घरघरीतून जगदेवचा आवाज आला, “बोला! कोठी निंगला?”

कमलीबाई घाबरली. तिनं सुचिताकडं पाहिलं, तहसीनकडं पाहिलं, आणि फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाली, “नाई निंगला बापा अजून. निंगला की लावतो.”